मुंग्यांच्या घरातला भुंगेरा

१४ सप्टेंबर
दिसला! आज पुन्हा दिसला! शेताच्या धुऱ्यावरचा, बांधावरचा दगड उचलला, तर मुंग्यांच्या घोळक्यात तोच तांबूस भुंगेरा. मिशा कशा — लवंगा चिकटवल्यासारख्या जाड! गाय वासराला चाटते तशा मुंग्या त्याला चाटत होत्या. एकीनं मिशीला धरून आत ओढलं. मुकाट गेला. भिंग घेऊन तासभर उकिडवी बसले. आता गुडघे बोलतात.

१९ सप्टेंबर
भुंगेरा मुंग्यांचंच पिल्लू धरून त्याचा रस पीत होता. अन् दुसरी मुंगी तेव्हाच त्याची पाठ चाटत होती! तिला कळत नाही, की गोडीच एवढी?
धाकटे दीर गुणवंतराव हसले — "वहिनी, हे त तुमची दिव्यानीच! खाल्लं, पेलं, उडाली."
"भाऊजी, तुमी डब्बा खा आपला," म्हटलं. पण मलाच घास जाईना.
दिव्यानी वर्षाची होती. तिची आई सुगंधाबाई तेलंगणात मिरची तोडायला गेली, पोर माझ्या मांडीवर ठेवून. तिथून मीच वाढवली. आता बल्लारपूरला नर्स आहे. जन्मदात्या आईला तिनं शोधून काढलं, तेव्हापासून चार महिने इकडं फिरकली नाही.

२ ऑक्टोबर
हलका, लवकर येणारा धान कापला. उद्या 'नवा' — नव्या धानाचा सण. नव्या तांदळाचा पहिला घास घरच्यांनी सोबतच खायचा, एक माणूस कमी असेल तर थांबायचं. फोन केला. "पाहू, आई" — एवढंच. पण आई म्हणाली!

३ ऑक्टोबर
नाही आली.

४ ऑक्टोबर
सगळं घर थांबवून ठेवलं. गुणवंतराव चिडले — "घरचं कोन, परकं कोन, कवा समजन तुमाले?"
"मले नाई समजत. उद्या खाऊ."
दुपारभर सडकेकडे पाहत बसले. प्रत्येक मोटारसायकल तिचीच वाटते.

५ ऑक्टोबर
आली. सोबत सुगंधाबाई!
पोर पाच वर्षांची असताना ही न्यायला आली होती. मी म्हटलं होतं, "आश्रमशाळेत टाकली, दूर." गावाचं नावही खोटं सांगितलं. पोर मागच्या खोलीत झोपली होती.
आज पानं मांडताना सुगंधाबाई माझ्या कानाशी आली. "तवाचं पोरीले म्या काई सांगतलं नाई, बाई. पहिला घास तुमी घ्या."