ज्याचा त्याचा धडा

बाई, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी आज शाळेतून घरी येताना हे तुम्हालाच सांगावंसं वाटलं. मी पिंपळीजवळच्या एका वस्तीवरच्या शाळेत चौथीला शिकवते. इंदापूरकडच्या आपल्या शाळेत तुम्ही एकाच खोलीत चारी वर्ग सांभाळायचात आणि पाटीवर प्रत्येकाला वेगळं गणित घालून द्यायचात. अजून डोळ्यांपुढं येतं, मी चिडून उभी राहते, ‘बाई, हिला सोपं आन् मलाच अवघड का?’ तुम्ही मान वर न करता म्हणता, ‘तिचं तिला अवघडच हाय. तू तुझं बघ.’ मी गुमान खाली बसते. एवढ्या पोरांत कुणाला काय झेपेल हे तुम्ही डोक्यात कसं ठेवायचात, याचं आता नवल वाटतं, कारण मला त्यासाठी टॅब लागतो.

एकच धडा मी त्यावर निरनिराळ्या तऱ्हेनं घालते. कुणाला चित्रं आणि सुटे शब्द, कुणाला मोठा उतारा, कुणाला धडा वाचून दाखवणारा आवाज. उत्तर लिहा, नाहीतर बोलून पाठवा. हे बोलून पाठवायचं मी एका मुलीसाठी ठेवलं होतं. ती अडखळत बोलते. वाचायला उभी राहिली की पहिल्याच अक्षरावर अडकायची, पोरं हसायची, मग ती तोंडच उघडायची नाही. तिच्या आजोबांची मेंढरं होती. वडील आता दुधाचा टेम्पो चालवतात. दिवाळीनंतर ते शाळेत आले. ‘बाई, पोरगी बोलतच न्हाय. हितं बसून काय करंल? घरी म्हशी तरी बघंल.’ मी म्हटलं, ‘थोडं थांबा.’ पुढं काय करायचं ते मलाही माहीत नव्हतं.

त्या आठवड्यात धडा पाण्याचा होता. तुमच्याकडं पाणी कुठून येतं, एवढाच प्रश्न. ती टॅब घेऊन शाळेमागच्या पायरीवर एकटीच जाऊन बसली. बोलायची, ऐकायची, पुसायची, पुन्हा बोलायची. मधली सुट्टी झाली तरी उठली नाही. पोरं गेल्यावर मी तिचं उत्तर उघडलं. ‘कालव्याचं पानी आमच्या शेताच्या चारीला सुटलं की आदी वास येतो. मग आवाज येतो. मग पानी दिसतं. म्हशीला आमच्या आदी कळतं.’ मध्ये दोनदा ती अडकली होती. तेवढं तिनं पुसलं नव्हतं. थांबली होती आणि पुढं गेली होती. बाई, इतके महिने ही माझ्यासमोर बसली होती, आणि हे सगळं तिच्या आत होतं!

दुसऱ्या दिवशी मी टेम्पो थांबवून वडिलांना ते ऐकवलं. ते म्हणाले, ‘ही कोण बोलती?’

‘तुमचीच.’

त्यांनी टेम्पो बंद केला. ‘परत लावा की.’ दुसऱ्यांदा ऐकून म्हणाले, ‘घरी येवढं कवा बोलली न्हाय.’ म्हशींचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. आज ती आपणहून वर्गात वाचायला उभी राहिली. अडकली. पोरं थांबली. कुणी हसलं नाही. तिनं परिच्छेद पुरा केला आणि मी फळ्याकडं तोंड करून उगाच काहीतरी पुसत राहिले.

हे पत्र कुठं धाडणार? घडी घालून कपाटात ठेवते. तिचा आवाज माझ्याकडं जपलेला आहे, बाई. तुमचे शब्द आठवतात, पण तुमचा आवाज कसा होता, ते मला आता आठवत नाही.