रायव्हल म्हणजे कोण?

विसरवाडी,
ता. ९ डिसेंबर १९३६

ती. हिंमतरावदादांस पितांबरचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. वहिनी बऱ्या असतील. गहू चांगला उगवला असेल.

चार वर्षांनी तुम्हाला लिहितोय. अक्षर वेडंवाकडं येतंय, पण दादा, मला दम निघत नाही! ऐका.

परवा आपल्या पाटाच्या पाण्याच्या दाव्यासाठी धुळ्याला वकिलांकडे गेलो होतो. इंग्रजी कागद वाचताना त्यांनी तुम्हाला ‘रायव्हल’ म्हटलं. मी अर्थ विचारला.

“प्रतिस्पर्धी. वैरी म्हण हवं तर.”

“वकीलसाहेब, तो मन्हा भाऊ शे!” माझ्या तोंडून एकदम गेलं.

ते हसले आणि गंमत म्हणून त्यांनी जाडजूड शब्दकोश काढला. दादा, तो शब्द लॅटिनातला निघाला! त्या भाषेत रिव्हस म्हणजे ओढा, आणि रिव्हालिस म्हणजे एकाच ओढ्याचं पाणी घेणारे शेजारी! मी तीनदा वाचायला लावलं. कुठले ते लोक, किती जुने, आणि तेही आपल्यासारखेच पाण्यावरून भांडले असतील!

मी म्हणालो, “दावा मागे घ्या.”

“चार वर्षं लढलास, आणि एका शब्दासाठी सोडतोस?” वकील चिडले.

त्यांना काय सांगू? तुम्हाला सांगतो. त्या साली तुमच्या पाळीला भर दुपारी पाटाचं तोंड फिरवून पाणी माझ्या उसात घेतलं, ते मी. तुमचा गहू वाळला. तुम्ही विचारलंत, तेव्हा आईची शपथ घेऊन मी पाटाचं पाणी सोडणाऱ्या पाटकरी जालमसिंगचं नाव सांगितलं. गावानं त्याला कामावरून काढलं. तुम्हाला मात्र ते पटलं नाही, तुम्ही बोलणं सोडलंत, म्हणून चिडून मी दावा लावला.

घरी न जाता काल इथे उतरलो. जालमसिंग आणि त्याची बायको रूपलीबाई इथे सडकेवर खडी फोडतात. त्याला सगळं सांगितलं. त्यानं हातोडा थांबवला नाही.

“पयले तुन्हा दादाले सांग,” म्हणाला. “तो बोलावी तं मी येसू. तू बोलावशी तं येवाव नही.”

रूपलीबाईनं पाण्याचा तांब्या पुढे केला.

आपल्या गावचे दोधूभाऊ आता बैलगाडी घेऊन निघालेत, त्यांच्याबरोबर हा कागद पाठवतो. समोर आलो असतो तर पुन्हा खोटं बोललो असतो. तुम्ही जालमसिंगला निरोप धाडा, मला धाडा न धाडा. तो आला की सगळ्या गावापुढे हे मोठ्यानं सांगेन. तोवर मी त्याच्या शेजारी बसून खडी फोडतोय. तळहात सोलून निघालेत, पण आज भाकर गोड लागली.

तुमचा, भाऊ म्हणाल तर भाऊ,
पितांबर