शेवटचं प्यादं

बाबा, मी पुन्हा बुद्धिबळ खेळायला लागलोय. निवृत्त झाल्यावर वेळ खायला उठतो म्हणून लेकीने मोबाइलवर घालून दिलं. समोर कोण बसलंय ते दिसत नाही, पण खेळ माझा तोच, आल्या आल्या राजाच्या अंगावर जायचं. अर्धे डाव वीस खेळ्यांत जिंकतो आणि उरलेले हातातले घालवतो, त्यामुळे वर्षभर गाडी एकाच जागी अडकली होती. शेवटी सांगलीच्या एका मुलीची शिकवणी लावली. ती मला काका म्हणते आणि वागते हेडमास्तरासारखी. तीन मिनिटांचे डाव बंद. सकाळी चहाआधी दहा कोडी, दिवसाआड एक सावकाश डाव, आणि हरलो की कुठे चुकलं, तिथे मला खरं काय दिसत होतं, ते वहीत हाताने लिहायचं. साठीला आलेला माणूस पुन्हा गृहपाठ करतोय, तुम्ही पोट धरून हसला असतात.

तिने माझे मागचे डाव काढून पाहिले. म्हणाली, "काका, हल्ला छान आहे तुमचा. पण समोरच्याचं शेवटचं प्यादं फुकट मिळतं तरी तुम्ही मारत नाही. तेच पुढे जाऊन वजीर होतं. का सोडता?" "सवय आहे," म्हणून मी वेळ मारून नेली. पण मला ठाऊक होतं, बाबा. तिच्या पिढीने बुर्जी हा शब्दही ऐकलेला नाही. समोरच्याचा एकटा राजा उरला की बुर्जी, डाव बरोबरीत, मारणाऱ्याला जिंकल्याचा मान नाही, हा आपल्या घरचा कायदा. जिंकायचं तर त्याच्याकडे काहीतरी शिल्लक असतानाच मात करायची.

तुम्ही कामाला होता त्या जेटीवरच्या बर्फाच्या कारखान्यात शिकलो मी ते. दुपारी पाण्याने भरलेले डबे गार मिठाच्या पाण्यात सोडून झाले की बर्फाच्या लाद्या धरेपर्यंत तुम्हाला उसंत असे. मी शाळेतून थेट जेटीवर येतोय, तुम्ही माशांची पेटी पालथी घालून तिच्यावर पट मांडताय, अमोनियाच्या वासाने माझे डोळे चुरचुरतायत. तुमची बोटं कायम गार आणि पांढरी, सोंगटी उचलताना ओली व्हायची. मी दिसेल ते मारत सुटलो की म्हणायचात, "खातोस काय नुसता मेल्या? पोट भराय बसलास की डाव जिंकाय?" माझा हल्ला त्या एका वाक्यातून आलाय.

नव्या पद्धतीचे बाकी सगळे नियम तुम्ही मला शिकवलेत, पण दोन जुन्या गोष्टी सोडल्या नाहीत. एक बुर्जी, आणि दुसरी राजाची डावात एकदाच घेता येणारी घोड्याची उडी. सतरा वर्षांचा असताना शहरातल्या स्पर्धेत मी शह चुकवायला राजाची उडी मारली. पंचांनी हात धरला, असा नियमच नाही म्हणाले. समोरचा मुलगा हसला, मग शेजारचे टेबल, मग सगळा हॉल. मी तिथून निघालो तो चालत थेट कारखान्यात आलो. तुम्ही विचारलंत, काय झालं. मी पट मांडला. त्या दिवशी मी हल्ला केलाच नाही. एकेक करून तुमचं सगळं मारत गेलो, सावकाश. बर्फ न्यायला आलेले दोघे खलाशीही बघत उभे राहिले. तुमच्याकडे राजा आणि एक प्यादं उरलं. मग तेही उचललं.

तुम्ही पटावरच्या एका घरावर बोट ठेवलंत. "मात होती रे हिथं. तुला जिंकायचा नव्हता. मला नागवा करायचा होता." मी म्हटलं, "मला मात दिसलीच नाही." खलाशांनी विचारलं, कोण जिंकला, तर तुम्ही म्हणालात, बरोबरी झाली, आणि डबे बघायला उठलात. त्यानंतर तुम्ही पट काढला नाहीत आणि मी मागितला नाही. तुम्ही जाईपर्यंत पंधरा-सोळा वर्षं एका घरात राहिलो, एका पंगतीत जेवलो, पण एक डाव झाला नाही. मी म्हटलं असतं तर तुम्ही लगेच बसला असतात, हे मला तेव्हाही कळत होतं. त्याचंच सगळ्यात वाईट वाटतं.

आता मी शेवटचं प्यादं मारायला शिकलोय. मोबाइलवर माझा गुणांचा आकडा वर चढतोय, शिकवणारी खूश आहे. परवा मी तिला तो कारखान्यातला डाव मांडून दाखवला. शेवट मला अजून तोंडपाठ आहे. ती म्हणाली, वजिराने दोन खेळ्यांत मात होती काका, पण त्या वयात दिसली नसेल. मी तिलाही हो म्हटलं.

हे तिने लिहायला लावलेल्या वहीच्याच मागच्या पानांवर लिहितोय. ती वही तपासायला मागते, तेव्हा ही पानं आधी फाडून घेईन. चुकलं तिथे खरं काय दिसत होतं ते लिहायचं, असा तिचा नियम आहे. मला मात दिसत होती, बाबा.