प्रागच्या पुलावर म्होरं चालणारा

धाकट्या जावंच्या सपनात तुमी गेला, येसराची आमटी मागितली. सुनंच्या सपनात गेला, घोंगडी मागितली. आपल्यात मेल्या माणसानं सपनात मागितलं की सकाळी द्यावं लागतं. आमटी रांधली म्या. घोंगडी शोधून दान दिली म्या. मागायचं त्यांच्यापाशी आन राबायचं म्या, व्हय? तुमाला जाऊन वर्ष उलटलं, माझ्या सपनात तुमी एकदाबी आला न्हाय.

मालक, सोजरचा दंडवत.

तिसरी शिकलेली बाई पत्र लिवती म्हणून हसू नका. तोंडी सांगाय लागलं की तुमी अर्ध्यात उठून जायचा. लिवलेलं तरी पुरं वाचाल.

कारण असं झालं. आपल्या नातीनं, कोमलनं, मला म्हैनाभर तिच्याकडं प्रागला नेलं व्हतं. परवाच परत आले. राजाचं जुनं गाव हाय ते. तिथं एक बाई लाल छत्री वर धरून म्होरं चालती आन पायी गाव दावती. बाकीच्यांनी छत्रीमागं चालायचं. कोमल म्हणली, "आज्जी, दमशील." म्या म्हणलं, "मागं चालण्यातच जलम गेलाय माझा."

राजे मुकुट घालून घ्यायला ज्या रस्त्यानं गडावर जायचे, त्याच रस्त्यानं ती आमाला नेत व्हती. म्या कोमलला इचाराय लावलं, राणी राजाच्या म्होरं चालायची का मागं? छत्रीवाली हसली. असं आजवर कुणी इचारलं न्हाय म्हणली. कोण इचारंल? जी चालली तिलाच ठाव.

मग पूल आला. दगडाचा, लांबलचक. नदीवर धुकं, आन दोनी कडंला दगडाचे साधू कमरंपातूर धुक्यात बुडालेले. मानसं धुक्यातनं निघायची, धुक्यात जायची. पायाचा आवाज आपला का दुसऱ्याचा, कळंना. आन म्होरं तुमी.

पाठीमागं हात बांधलेले. मान डावीकडं कललेली. उजवा पाय जरासा घासत. मागं वळून बघायचं नाव न्हाय. आता सांगा, म्या काय करायचं? छत्री सोडली आन चालाय लागले.

चालता चालता नळदुर्गचा किल्ला आठवला. नवं लगीन झालेलं, तुमी म्होरं, म्या मागं. पायात काटा मोडला म्हणून बसले. तुमी पाणीमहालाचं पाणी बघून माघारी फिरला, तवा तुमच्या ध्यानात आलं की संगं बायकू व्हती. हाक कशी मारावी? तुमचं नाव घ्यायचं न्हाय, आन "अवो" म्हणलं तर समदा किल्ला वळून बघंल.

पुलावर कोण वळखीचं? हाक मारली. "अवो."

तुमी थांबला.

तितंच मला खटकलं. जलमात कदी थांबला व्हता का? वळला तो एक गोरा म्हातारा. डोळं निळं, थंडीनं नाक लाल. म्या जवळ पोचंपातूर उभा राहिला. म्या आपल्या बोलीत म्हणलं, "तुमी न्हाय." त्यानं त्याच्या बोलीत कायतरी सांगितलं. मग दोघं संगंच चाललो पूल सरंपातूर. कुणी म्होरं न्हाय, कुणी मागं न्हाय. पाय जिमिनीला टेकत व्हते का न्हाय, सांगता यायचं न्हाय मला.

कोमल रडत पळत आली. "आज्जी, कुणाच्याबी मागं जातीस का?"

"वळखीचं वाटलं," म्या म्हणलं. म्हाताऱ्यानं टोपी उचलली आन धुक्यात गेला.

हितं येऊन धाकटीला सांगितलं. ती म्हणती, "अक्का, तुमच्याकडनं ते तृप्त झालेत, म्हणून येत न्हायत." आमटीला तिच्याकडं येतात, आन माझ्याकडनं तृप्त. शाणी हाय.

मला येवढंच पायजे. पुलावर थांबला ते तुमी व्हता का? असला, तर जिते असताना का न्हाय थांबला? नसला, तर एका परक्या माणसाला उमगलं ते तुमाला का न्हाय उमगलं?

शब्द देते. सपनात आला तर भांडायची न्हाय. न्याल तितं येईन. पन बाजूनं चालंन, मागनं न्हाय.

आन ह्याचा जबाब तुमी सोता येऊन द्यायचा, माझ्याच सपनात. दुसऱ्या कुणाकडं निरोप ठिवला तर म्या घेणार न्हाय.

तुमची,
सोजर