अकरा उपयोगांचा चमचा परत घेणे व पुढे चालणाऱ्या काकांना पुन्हा डोंगरावर पाठवणे याबाबत

प्रति,
मा. उपसंचालक (साहित्य निवड),
पायवाट देखभाल कार्यालय,
दुसरा मजला.

विषय: वरीलप्रमाणे. तातडीचा.

संदर्भ: १) आपलं पत्र क्र. भोजन/४१, ज्याने पथक चारमधल्या काकांना गोदामात बसवलं.
२) माझे याआधीचे दोन अर्ज. दोन्हींना मिळून आपलं एका ओळीचं उत्तर आलं.

सोबत: बहुउपयोगी भोजन संच, एक नग, मिटलेला. आपण स्वतः उघडून बघावा ही विनंती. घाई नाही, शुक्रवारपर्यंत उघडला तरी चालेल.

महोदय,

१. मी पथक चारमध्ये सगळ्यात मागे चालतो. पथकात मला शेपूट म्हणतात, आणि मला त्याचं काही वाटत नाही, कारण शेपटाला पुढचं सगळं दिसतं. आमचं पथक तीन माणसांचं. पुढे काका, मध्ये दगडांवर दिशेचे बाण रंगवणारी ताई, मागे मी. दर खेपेला सहा दिवस डोंगरावर असतो. जेवढं पाठीवर, तेवढंच आपलं. म्हणून आमच्याकडे चमचा ही लहान गोष्ट नसते. हे वाक्य आपल्याला विनोदी वाटलं असेल तर आपण कधी चढावर सॅक घेऊन गेला नाहीत असं मी समजतो.

२. आधी आमच्याकडे काय होतं ते सांगतो. एक ॲल्युमिनियमचा मग, एक लांब दांड्याचा चमचा. दोन्हींचं मिळून वजन ११४ ग्रॅम. मी टपाल खोलीच्या काट्यावर तोललं. सुकं जेवण पाकिटात असतं, वरून उकळतं पाणी ओतायचं आणि पाकिटातूनच खायचं. पाकीट खोल असतं. म्हणून दांडा लांब हवा, नाहीतर हाताची बोटंसुद्धा जेवतात. एवढं साधं आहे. यात शोध लावण्यासारखं काहीच नव्हतं, आणि नेमकं तेच आपल्या समितीला खटकलं असणार.

३. समितीने गेल्या वर्षी नवीन संच निवडला. चमचा, काटा, सुरी, करवत, डबा फोडणी, बाटली उघडणी, स्क्रू फिरवणी, मोजपट्टी, शिटी, दात कोरणी आणि भिंग. एकूण अकरा. वजन ३०८ ग्रॅम. आता आमच्यासारख्या अडाण्याला वाटेल की ३०८ हे ११४ पेक्षा जास्त आहेत. पण समितीच्या अहवालात पान तीनवर लिहिलंय की जुन्या सामानाचे उपयोग दोन, म्हणून प्रति उपयोग वजन ५७ ग्रॅम. नव्याचे उपयोग अकरा, म्हणून प्रति उपयोग वजन २८ ग्रॅम. सबब नवीन संच जुन्याच्या निम्म्याहून हलका. खाली पाच सह्या. पाचही जण शिकलेले.

महोदय, मी शाळा अर्ध्यात सोडली. भागाकार मला नंतर स्वतःच शिकावा लागला. पण माझी पाठ भागाकार करत नाही. ती नुसती बेरीज करते.

४. तरी मी म्हटलं, चला, यांच्याच भाषेत बोलू. पहिल्या अर्जात मी काकांच्या मगाचे उपयोग लिहून दिले. पाणी पिणं, चहा उकळणं, सूप करणं, पाणी मोजणं, दाढी, तंबूत शिरलेलं पाणी उपसणं, वाऱ्यात मेणबत्तीला आडोसा, आणि जनावर आलं तर बडवणं. झाले आठ. चमच्याचे चार. खाणं, ढवळणं, पातेलं खरवडणं, तंबूच्या खुंटीसाठी माती उकरणं. एकूण बारा. ११४ भागिले १२, साडेनऊ ग्रॅम. आपल्याच हिशेबाने जुना मग आणि चमचा आपल्या संचापेक्षा जवळजवळ तिपटीने हलके निघाले. त्यावर आपलं उत्तर आलं: "उपयोग हे उत्पादकाच्या माहितीपुस्तिकेत छापलेले असावेत."

मगाला पुस्तिका नसते. तो कसा धरायचा हे माणसाला वर्षाचा असताना कळतं. ज्या वस्तूला पुस्तिका लागते ती वस्तू भुकेल्या माणसाच्या हातात देऊ नये, एवढी अक्कल समितीतल्या पाचांपैकी एकाला तरी असायला हरकत नव्हती.

५. चाचणी कशी झाली तेही मला कळलं, कारण चहा देणारे मामा त्या खोलीत होते. सभागृहात झाली. टेबल, खुर्च्या, पंखा. खायला केक आणि कापलेली फळं. मामा म्हणाले, "साहेबांनी केक सुरीने कापला, काट्याने खाल्ला, आणि भिंगातून बघून म्हणाले, व्वा, कण अन् कण दिसतोय." मग संच मामांकडे धुवायला आला. मामा म्हणाले, "बिजागरीत क्रीम अडकलं होतं बाबा. सुईने काढलं. दुसऱ्या दिवशी परत वास." हा वास पहिल्याच दिवशी मामांना आला. समितीला आला नाही. समितीने भांडी घासली नव्हती.

आम्ही डोंगरावर मांडी घालून, थंडीत, हातमोजे घालून खातो. चमच्याच्या दुसऱ्या टोकाला सुरी आहे. म्हणजे खाताना मूठ सुरीवर आणि कापताना मूठ खरकट्यात. ताईचा ओठ पहिल्याच दिवशी खटक्यात सापडला. ती म्हणाली, "घरी सासू बोलते, इथे चमचा चावतो."

६. आता मुख्य मुद्दा. काकांच्या उजव्या हाताची दोन बोटं वळत नाहीत. दोर सुटला तेव्हा त्यांनी दुसऱ्या माणसाला धरलं होतं, त्याची ती खूण. आपल्याकडे नोंद असेल, त्या वर्षी कार्यालयाने त्यांना शाल दिली होती. संचाचा खटका अंगठा आणि पहिलं बोट एकदम दाबल्याशिवाय उघडत नाही. काकांना तो उघडता आला नाही. त्यांनी तक्रार केली नाही, त्यांचा तो स्वभावच नाही. संच सॅकच्या तळाशी ठेवला आणि आपला जुना मग आणि चमचा घेऊन ते सव्वीस वर्षं चालले तसेच पुढे चालत राहिले.

दुसऱ्या निवाऱ्यावर आपल्या तपासनीसांनी सॅका रिकाम्या करायला लावल्या. काकांकडे "अनधिकृत भांडी, दोन नग" सापडली. तपासनीसांनी विचारलं, "हे काय?" काका म्हणाले, "साहेब, मग आहे." तपासनीस म्हणाले, "ते मला दिसतंय. का आहे?" काका म्हणाले, "तहान लागते म्हणून." हे उत्तर उद्धट म्हणून लिहिलं गेलं. मी तिथे होतो. काका खरंच विचार करून बोलले होते.

त्यानंतर पत्र ४१. "सदर कर्मचारी अधिकृत साहित्य हाताळण्यास असमर्थ, सबब क्षेत्रकार्यास असमर्थ." काका गोदामात.

७. गोदामात त्यांना काय काम दिलं हे आपल्याला माहीत आहे का? सगळ्या पथकांचे संच परत येतात ते गंजून मिटलेले असतात. ते उघडायचे, तेल घालायचं आणि परत मिटवायचे. ज्या माणसाला संच उघडता येत नाही म्हणून काढलं, त्याला संच उघडायला बसवलंय. मी गेलो तेव्हा ते एक संच गुडघ्यात धरून पकडीने ओढत होते. दिवसाला तीन उघडतात. गोदामपाल त्यांना म्हणतो, "काका, वेग वाढवा." ज्याच्या मागे चालताना आम्हाला धाप लागायची, त्याला हा खुर्चीतला माणूस वेग वाढवा म्हणतो.

८. काकांच्या जागी पुढे कोण चालावं यासाठी आपण परीक्षा घेतली. मला वाटलं होतं वाटा विचारतील, ढग विचारतील. आपण संच उघडायला लावलात. कार्यालयाच्या गाडीच्या ड्रायव्हरने सहा सेकंदांत उघडला, म्हणून तो पुढचा माणूस. ड्रायव्हर चांगला आहे, माझा त्याच्यावर राग नाही. तो स्वतःच मला म्हणाला, "अरे शेपट्या, मला काच खाली करून पत्ता विचारायची सवय. तिथे वर कुणाला विचारू?" हे त्याने आपल्यालाही सांगितलं होतं. आपण म्हणालात, बाण रंगवलेले आहेत, बाण बघून चालायचं.

९. तर बाणांबद्दल. वरच्या धारेवर पावसाळ्यानंतर दरड सरकली. ताईने ज्या दगडांवर बाण रंगवले होते त्यातले काही दगड घसरून खाली गेले, फिरले, आणि जाऊन भलतीकडे बसले. बाण दगडावरच आहे, रंगही ताजा आहे, फक्त दगड आपल्या जागी नाही. कुठला बाण खरा आणि कुठला खोटा हे एका माणसाला माहीत आहे, कारण दरडीनंतर त्या भागात एकटा तोच जाऊन आला. तो गोदामात तेल घालतोय.

गेल्या खेपेला ड्रायव्हर बाण बघून चालला. आपल्या आदेशाप्रमाणे. बाण आम्हाला सुट्या मुरमावर घेऊन गेला, खाली सरळ घळ. ताई एकदम थांबली आणि ओरडली, "हा बाण माझा आहे, पण मी तो इथे काढला नव्हता!" तेवढ्यात तिच्या पायाखालचं सुटलं. ती कमरेपर्यंत खाली गेली. मी तिच्या सॅकचा पट्टा धरला, ड्रायव्हरने माझे पाय धरले. असे आम्ही किती वेळ होतो ते मला सांगता येत नाही. ताई वर बघून म्हणत होती, "पट्टा सोडू नको रे, माझी मुलगी पाच वर्षांची आहे." जणू मी ते विसरलो तर सोडणार होतो.

संचाचा नववा उपयोग शिटी. खालच्या निवाऱ्यावर माणूस असतो, त्याला ऐकू जावी म्हणून मी दातात धरून वाजवली. आतून वाटाण्याचं सूप आलं. तीन दिवसांचं.

ताईला आम्ही ओढून काढलं. घोटा सुजला आहे, हाड शाबूत आहे. तिला घरी सोडलं तेव्हा तिच्या नवऱ्याने मला काहीच विचारलं नाही, नुसतं पाणी दिलं. आपल्या तपासनीसांनी मात्र विचारलं. त्यांच्या अहवालाची प्रत मी मागून घेतली. त्यात घटनेबद्दल एकच वाक्य आहे: "तिन्ही संच सुस्थितीत, एकही भाग गहाळ नाही."

१०. दुसऱ्या अर्जात मी हे सगळं लिहिलं होतं. त्यावर काही आलं नाही. आपल्या कार्यालयातले लिपिक भाऊ मला बाजूला घेऊन म्हणाले, "साहेब म्हणतात, चमच्यासाठी एवढं कुणी लिहितं का?" हा प्रश्न मलाही पडला होता. मग लक्षात आलं की चमच्यासाठी अठ्ठेचाळीस पानांचा अहवाल आपण लिहिला आहे. त्यात वाऱ्याचा उल्लेख नाही, थंडीचा नाही, हातमोज्यांचा नाही. माणूस हा शब्द एकदाही नाही, मी शोधला. "वापरकर्ता" एकोणीस वेळा आहे.

मी रागात लिहितोय हे मला कळतंय. थोडं थांबून परत टाइप करायला बसलो तरी राग तेवढाच आहे, म्हणजे तो खरा असावा.

११. सोमवारी सकाळी सातला पथक चार पुन्हा वरच्या धारेला निघायचं आहे. ताईच्या जागी नवीन मुलगी येणार आहे, ती कधी वर गेलेली नाही. पुढे ड्रायव्हर. तो दोन दिवस जेवलेला नाही, असं त्याची बायको म्हणते. म्हणून माझं मागणं एवढंच:

काकांना सोमवारच्या आत पथकात पुढच्या जागी परत पाठवावं. ते कशात पितात आणि कशाने खातात हे त्यांच्यावर सोडावं. बाकीच्यांनाही ज्याचा त्याचा चमचा निवडू द्यावा. उचलणारा तोच आहे, निवडणाराही तोच असू दे. संच समितीने ठेवून घ्यावेत. केक कापायला उपयोगी पडतील.

हे जमणार नसेल तर सोमवारी मी निघणार नाही, आणि नवीन मुलीलाही निघू देणार नाही. माझ्यावर जी कारवाई करायची ती करा. शिस्तभंग म्हणा, उद्धटपणा म्हणा. पण एक अट पाळा. अर्ज नाकारलात तर ते पत्र माझ्या हाती देऊ नका. काकांना अक्षरं नीट लागत नाहीत. मागचं पत्र घेऊन ते माझ्याकडे आले होते, म्हणाले, "बघ रे, बहुतेक सव्वीस वर्षं झाली म्हणून काहीतरी देतायत." ते मी त्यांना वाचून दाखवलं. "असमर्थ" हा शब्द दोनदा होता, मी दोन्ही वेळा वाचला. ते म्हणाले, "बरं." मग विचारलं, "खाली सही कुणाची आहे?"

या वेळी वाचून दाखवायला आपण स्वतः या.

आपला, जमेल तेवढा नम्र,

(सही)
पथक चार, मागची जागा
दिनांक: ११, गुरुवार