ह्यांच्या रुमालाची गाठ

मांजलपूर, बडोदे. मंगळवार, संध्याकाळ.

मुग्धाला आज ऑपरेशन मधेच सोडून बाजूला व्हावं लागलं. डोळ्याच्या ऑपरेशनला दोन्ही हात सारखे चालावे लागतात, आणि माझ्या लेकीचा डावा थरथरतो. मोठे डॉक्टर सगळ्यांसमोर म्हणाले, "बेन, डाबो हाथ ऊंघे छे के शुं?" डावा हात झोपलाय का म्हणे!

घरी येऊन ती सरावासाठी डाव्या हाताने पोहे खायला बसली. माझ्या तोंडून निघूनच गेलं, "उजव्या हाताने!" तिने लगेच चमचा बदलला आणि डावा हात पाठीमागे नेला. तिशीला आलेली मुलगी!

तिला काही आठवत नाही. ती जन्माची डावरी. प्रसादाला डावा हात पुढे आला की सासूबाई ओरडायच्या, म्हणून मीच तो ह्यांच्या रुमालाने मागे बांधायचे. हे कामावरून आले की चपला काढायच्या आधी ती गाठ सोडायचे. मला बोलले कधीच नाहीत. तेव्हा मी डावरेपणाबद्दल काही वाचलं नव्हतं, हे खरं. पण ह्यांनी तरी कुठे वाचलं होतं?

सांगावं का? सांगून हात थरथरायचा थांबणार आहे का?

शेवटी सांगितलं. कपाटातला तो रुमालही दाखवला. मुग्धाने तो हातात घेतला. मग म्हणाली, "मला वाटायचं, माझ्यातच खोट आहे."

मग रुमाल माझ्या हातात देऊन तिने उजवा हात मागे नेला. "बांध ने, आई. पोहे संपेपर्यंत."

बांधला. गाठ सैलच बसली.