खरवडलेला आठ

सोमवार, ३ मार्च

टाकी फुटली, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी काय केलं ते इथे तरी लिहावं. बाहेर भिंत धुणं चालू होतं. हवेच्या दाबाची चाचणी चालू असताना झाकण उडून वेल्डरच्या तोंडावर-छातीवर बसलं — ओळख पटली ती पट्ट्याच्या बकलावरून. आणि आत, नकाशांच्या खोलीत, मालक माझ्या मागे उभे. पत्र्याची जाडी पूर्वी त्यांनीच कमी करायला लावली होती. मूळ नकाशा मीच काढलेला, त्यावर माझ्याच अक्षरात आठ मिलिमीटर. म्हणाले, बारा करा. मी ब्लेडने आठ खरवडला, नखाने कागद गुळगुळीत केला, बारा लिहिला. आकडा नेहमीच्याच वळणात उतरला.

आता सगळे म्हणतात, नकाशात बारा होता, पत्रेकामाच्या वस्तादांनी आठचा पत्रा वळवला.

गुरुवार, ६ मार्च

मालकांना सगळे नकाशे संगणकात हवेत. तीनशे दहा, एकेक चादरीएवढा. मग मूळ कागद भट्टीत. बाहेर मोठ्या स्कॅनरवर करून घेऊ म्हटलं, तर परवडत नाही म्हणाले, आणि परक्यांच्या नजरेस कशाला पाडायचे? तुमच्याकडे फोन आहे ना!

सोमवार, १० मार्च

जमलं. दोन टेबलांमध्ये काच टाकली, तिच्यावर कागद, वर दुसरी काच — वर्षानुवर्षं गुंडाळलेले कागद असेच सरळ होतात. फोन छताच्या पाइपला उलटा बांधला, ओळंबा सोडून मध्यावर आणला. उजेड थेट वरून पडला की काच चमकते, म्हणून दोन ट्यूब दोन बाजूंनी तिरक्या. एका नकाशाचे सहा फोटो, एकमेकांवर वीतभर चढलेले. कडेला रेषा वाकतात, मधलाच भाग घ्यायचा. प्रत्येक फोटोत पोलादी पट्टी, म्हणजे जोडल्यावर माप ताडता येतं.

वस्ताद बघायला आले. कारखान्यात त्यांच्याशी दुसरं कोणी बोलत नाही. म्हणाले, "मास्तर, तुम्ही देवालासुद्धा ओळंबा लावूनच नमस्कार करत असाल." मी हसलो. कसं हसू आलं मला?

मग हळूच विचारलं, "माझ्या प्रतीवर आठच होता ना हो? का म्हातारा झालो मी?"

कामगारांकडच्या त्या प्रती मालकांनी, आकडा बदलला त्याच दिवशी, गोळा केल्या होत्या. मी काच पुसत राहिलो.

बुधवार, १२ मार्च

फाटकाशी वेल्डरच्या भावाने वस्तादांना गाठलं. हातात लोखंडी नळी. वस्ताद एवढंच म्हणाले, "मी आठच वाचला, बाबा." पहिला घाव जबड्यावर. दात रस्त्यावर पडल्याचा आवाज मला वरपर्यंत आला — की आला असं वाटलं? मग गुडघे. मग पडलेल्या माणसाच्या पाठीवर, मोजून घातल्यासारखे. तीस जण उभे होते. पोलिसांना सांगताना एकानेही काही पाहिलं नव्हतं.

मी खिडकीत देवाचं नाव घेत होतो. जिना उतरलो नाही.

गुरुवार, १३ मार्च

जबडा तारेने बांधलाय. डावा डोळा जाणार.

शनिवार, १५ मार्च

तो नकाशा आज काचेवर आला. स्क्रू खाली पडला म्हणून काचेखाली ट्यूब धरली, आणि कागदातून उजेड वर आला. बाराच्या खाली कागद पातळ झालेला, पांढराफटक, जखमेवरच्या नव्या कातडीसारखा. त्यात आठ. शाई गेली होती, निबेचा चर राहिला होता. वरच्या उजेडात यातलं काहीच दिसत नाही. खालचा उजेड तसाच ठेवून फोटो घेतला.

सोमवारी सगळं भट्टीत, असा मालकांचा हुकूम.

घरी बायको म्हणाली, इतके दिवस तुम्ही देवासमोर बसता पण डोळे मिटत नाही, काय बघता? सांगून टाकलं. मग म्हणाली, "मग इथे काय बसलात?"

मंगळवार, १८ मार्च

अक्षर वाईट आहे. काल सकाळी भट्टी पेटण्याआधी मूळ नकाशा काढून नेला, अपघाताच्या तपास अधिकाऱ्यांना दिला, जबानी देऊन सही केली. तिथून वेल्डरच्या भावाच्या घरी गेलो. फोटो दाखवला. आकडा मी बदलला, म्हटलं.

त्याने पुष्कळ वेळ पाहिलं. मग विचारलं, "कोणत्या हाताने?"

मी उजवा हात उंबऱ्यावर ठेवला.

हे डाव्याने लिहितोय.